प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणारा माणूस

ब्रेकमास्तरांचा पाय आयुष्यात कधी स्वस्थ बसला नाही. गाडी शिकवण्याचा धंदा. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. शिकणारा भिंतीकडे, खांबाकडे नाहीतर एखाद्या गरीब सायकलवाल्याकडे मोठ्या प्रेमानं निघाला, की मास्तर आपला ब्रेक दाबायचे आणि शांतपणे म्हणायचे, “भिंत आपल्याआधी इथं उभी आहे. तिला मान द्या.” वर्षानुवर्षं हेच केल्यावर दुसरं काय होणार? सवय हाडांत मुरली. लग्नात जेवायला बसले तरी पाय दाबला जायचा. चर्चमध्ये पाळकसाहेबांचा संदेश जरा लांबला, की बाकाखालच्या फळीवर ठक्कन आवाज व्हायचा.

तो आवाज झाला, की गायनमंडळातून एक मान हमखास मागं वळायची. ती मास्तरांच्या धाकट्या मेव्हण्याची. रंगाच्या दुकानात डबे ढवळायचं काम करणारा हा माणूस इतका बोलायचा, की सगळे त्याला रेडिओच म्हणत. त्याची सख्खी बहीण, म्हणजे मास्तरीणबाई, त्याही म्हणत. जिभेला हाड नव्हतंच, पण मनात काळंबेरंही नव्हतं. उपासना सुटली, की दारातच मास्तरांना गाठून म्हणायचा, “दाजी, आज वेळेवर ब्रेक मारलात हो. नाहीतर पाळकसाहेब घाटातच शिरले होते. आपण सगळे दरीत!” पाळकसाहेबांच्या कानावर हे जायचंच. ते हसायचे आणि पुढच्या रविवारी तेवढंच लांब बोलायचे.

तर या चर्चमध्ये एका रविवारी स्पीकरच्या डब्यातून ठिणगी उडाली आणि धूर आला. तसा फार नाही. पण धूर म्हटल्यावर माणसाला माणूस दिसत नाही. सगळे एकाच दाराकडे धावले. बाजूचं दार होतं, पण त्याची कडी गंजून बसलेली. धक्काबुक्कीत शेवटच्या बाकावर नेहमी पेंगणाऱ्या डुलकीआजी पडल्या आणि त्यांचा हात मोडला. जळलं काहीच नाही. एकमेकांवर प्रीती करा असं गाणं म्हणत होतो आणि मध्येच आजीला तुडवून बाहेर पडलो, याची मात्र सगळ्यांना फार लाज वाटली.

मग चर्चच्या पंचांची बैठक झाली आणि ठरलं, की एक मदतपथक उभं करायचं आणि शिस्तीत प्रशिक्षण घ्यायचं. शिकवायला बाहेरचं कोणी आणायची गरज नव्हती. चर्चमध्येच एक नर्सबाई होत्या, रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या. बारीक अंगाच्या, मोजकं बोलणाऱ्या. पथकाचा प्रमुख कोण, यावर चर्चाच झाली नाही. ज्या माणसाचा पाय झोपेतसुद्धा ब्रेकवर असतो, त्याला सोडून दुसरा कोण?

मास्तरांच्या अंगात उत्साह संचारला. शनिवारी दुपारी चर्चमध्ये शिकवणी सुरू झाली. दारं कशी मोकळी ठेवायची, फाटकासमोर लावलेल्या स्कूटरी कोणी हलवायच्या, रुग्णवाहिकेला फोन कोणी करायचा आणि कोपऱ्यावर वाट दाखवायला कोणी उभं राहायचं, संडे स्कूलची पोरं कुठल्या दारानं न्यायची, आग विझवायचा लाल सिलिंडर भिंतीला नुसता शोभेला टांगलेला असतो की चालतोही, सगळं नर्सबाईंनी करून घेतलं. चर्चमधल्या वायरमननं बाजूच्या दाराची कडी बदलली. मास्तर प्रत्येक गोष्ट पुन्हा करायला लावायचे. “परत! गाडी एकदा सुरू झाली म्हणजे चालवता येते असं नाही.”

आणि सरावातला पेशंट कायम रेडिओ. दुसऱ्या कोणाला तो ती भूमिका मिळूच द्यायचा नाही. छातीला हात लावायचा, डोळे फिरवायचा, “माझ्या मागं माझ्या रंगाच्या डब्यांचं काय होईल!” असं ओरडत बाकावरून खाली घसरायचा. उचलायला आलेल्यांना म्हणायचा, “सावकाश रे, नवा शर्ट आहे.” हसून हसून लोकांची पोटं दुखायची. पेशंट राहायचा बाजूला.

एकदा नर्सबाई वैतागल्या. “खरा पेशंट एवढं बोलत नाही हो.”

“मग मी पेशंट आहे हे कळणार कसं?” जमिनीवर आडव्या पडलेल्या रेडिओनं विचारलं.

“तेच तर सांगते. खरा पेशंट गप्प होतो. नेहमीचा माणूस नेहमीसारखा नाही, एवढंच दिसतं. तेवढं ज्यानं पाहिलं, त्यानं अर्धं काम केलं.”

“म्हणजे मी गप्प झालो तर समजा माझं काही खरं नाही,” रेडिओ म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला. मास्तरही हसले. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

शिकवणीच्या शेवटी नर्सबाईंनी एक नियम सांगितला आणि चर्चमध्ये कुजबुज झाली. त्या म्हणाल्या, “आपण प्रार्थनेला डोळे मिटतो. सगळे एकदम. आणि आपले पाळकसाहेब काही थोडक्यात आटपणारे नाहीत. तेवढा वेळ इथं काय चाललंय ते एकालाही दिसत नाही. मान खाली घालून बसलेला माणूस प्रार्थना करतोय की बेशुद्ध पडलाय, सांगता येणार आहे का? म्हणून पथकातल्या कोणी तरी डोळे उघडे ठेवायचे.”

पंचांपैकी एकजण म्हणाले, “देवासमोर उघडे डोळे म्हणजे जरा...”

“देव काही रागावणार नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “कळपाला राखणारा लागतोच.”

“पाळी लावू,” नर्सबाई म्हणाल्या. “दर रविवारी वेगळा माणूस, आणि खरं तर दोन. एकाच माणसाच्या भरवशावर काही ठेवू नये.”

इथंच मास्तर उभे राहिले. छाती जराशी पुढं आलेली. “पाळी कशाला? मी आहे ना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रस्त्यावर नजर ठेवली, हे डोळे मिटणारे नव्हेत. बाकीच्यांनी निवांत प्रार्थना करा.”

टाळ्या पडल्या. नर्सबाईंनी नाही वाजवल्या. “मास्तर, माणूस आहात,” एवढंच त्या म्हणाल्या. पण टाळ्यांत असलं बोलणं कोणाला ऐकू येतं?

तेव्हापासून मास्तर दर रविवारी मागच्या दाराशी उभे. पाळकसाहेब म्हणत, “आपण प्रार्थना करू या,” की सगळ्या माना झुकत आणि सगळ्या चर्चमध्ये दोनच डोळे उघडे राहत. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तसे ते बघत. सुरुवातीला मजा वाटली. कोण प्रार्थनेत घड्याळ बघतं, कोण चोरून मोबाइल काढतं, कुठला नवरा बायकोला कोपरानं ढोसून जागं करतो, सगळं दिसायचं. पण मास्तरांनी कधी कोणाची चहाडी केली नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

मास्तरीणबाईंना मात्र ते पटलं नाही. “सगळं चर्च प्रार्थना करतं आणि तुम्ही माणसं मोजत उभे. देवानं विचारलं तर काय सांगाल?”

“सांगेन, ड्युटीवर होतो.”

बोलले खरं. पण महिने गेले तसं मास्तरांना आत कुठं तरी कोरडं वाटायला लागलं. घरी रात्री प्रार्थना व्हायची, पण ती घरची. सगळ्यांच्या बरोबर डोळे मिटून, एका आवाजाच्या मागं मागं जाण्यात जे सुख असतं ते त्यांना मिळत नव्हतं. कोणाला सांगणार? स्वतःच उभं राहून मागून घेतलेलं काम. हौसेनं बांधलेल्या फेट्याखाली डोकं खाजलं तरी खाजवायचं कसं?

अशातच त्यांच्या एकुलत्या एका लेकीला दिवस गेले. आधी दोनदा पोरीची कूस रिकामी झाली होती. दुसऱ्या वेळी तर ती महिनाभर कोणाशी बोलली नव्हती. त्यामुळं या खेपेला घरात आनंदसुद्धा हळू आवाजात चालला होता. बाळंतपण जवळ आलं, तिला दवाखान्यात ठेवलं, आणि नेमकं रविवारी सकाळी जावयाचा फोन आला, की कळा सुरू झाल्यात.

मास्तरीणबाई चपला शोधत म्हणाल्या, “चला लवकर.”

“तू हो पुढं. उपासना आटोपली की आलोच.”

“अहो, लेक आहे तुमची!”

“मग मी काय बाळंतपण करणार आहे का? माझ्यामागं दाराशी कोण उभं राहील?”

मास्तरीणबाईंनी चपला पायात सरकवल्या. एकट्याच निघून गेल्या. वायरमनला एक फोन केला असता तर तो आनंदानं उभा राहिला असता. नर्सबाई होत्याच. पण मास्तरांनी फोन केला नाही. आपल्यावाचून चालेल, हे त्यांना वाटून घ्यायचंच नव्हतं. खोटं कशाला बोला, माणसाला आपल्या उपयोगी पडण्याचीही नशा चढते.

चर्चमध्ये पोचताच मास्तरांनी पाळकसाहेबांच्या कानावर लेकीचं घातलं. बघतात तर रेडिओ गायनमंडळात नव्हता. शेवटच्या बाकाच्या टोकाला, मास्तरांच्या उभं राहण्याच्या जागेपासून हाताच्या अंतरावर येऊन बसला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला डुलकीआजी.

“काय रे, आज गाणं नाही?”

“डोकं जड झालंय, दाजी.” एवढंच बोलला. भाचीचं कसं काय, हेसुद्धा विचारलं नाही.

“आज रेडिओची बॅटरी उतरली वाटतं,” मास्तर म्हणाले. रेडिओ हसला. जरासा वाकडा हसला का? ते मास्तरांना तेव्हा दिसलं नाही. नंतर मात्र ते हसू त्यांना रोज दिसलं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी. मास्तरांचे डोळे बाकांवरून फिरत होते, मन दवाखान्यात. आणि मग पाळकसाहेब म्हणाले, “हे प्रभू, आपल्या दाराशी उभं राहून जो आम्हा सगळ्यांची राखण करतो, त्याची लेक आज कळा सोसते आहे. तिची ओंजळ या वेळी रिकामी ठेवू नकोस.”

मास्तरांचे डोळे मिटले. मिटावे असं ठरवून नाही मिटले. भरून आले आणि आपोआप मिटले. आणि मिटल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ते उघडले नाहीत. क्षणभर, अजून क्षणभर, असं करत राहिले. पाळकसाहेब लेकीवरून पुढं गेले, पावसापाण्यावर आले, राज्यकर्त्यांवर आले, आणि मास्तर तिथंच, लेकीच्या उशाशी. वर्षभराची तहान होती ती, एका घोटात कशी भागणार?

मध्येच त्यांच्या कानाशी थप्प असा आवाज झाला. गीतांचं पुस्तक जमिनीवर पडल्याचा. मास्तरांनी तो ऐकला. अगदी नीट ऐकला. मनात आलंही, की बघावं. पण पुस्तकं पडतातच. आजींच्या हातून तर दर रविवारी पडतं. आमेन झाल्यावर उचलू, असं म्हणून त्यांनी पुन्हा लेकीचं नाव घेतलं.

पाळकसाहेबांची प्रार्थना त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जास्तच लांबली. मास्तरांचा पाय एकदाही ठकठकला नाही.

आमेन झालं. सगळे गाण्याला उभे राहिले. रेडिओ उभा राहिला नाही. मान खाली, एक हात मांडीवर उताणा, तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. पायाशी पुस्तक पडलेलं.

त्यानंतर जे झालं ते कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, वा! मास्तरांनी हात वर केला, ठरलेली खूण केली. नर्सबाई पुढच्या बाकावरून धावत आल्या. वायरमननं फोन लावला. फाटकासमोरच्या स्कूटरी बाजूला झाल्या, कोपऱ्यावर माणूस उभा राहिला, पोरं बाजूच्या दारानं शिस्तीत बाहेर गेली. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला तुडवलं नाही. रुग्णवाहिका आली ती सरळ दाराशी. सरावातसुद्धा इतकं सुरेख कधी जमलं नव्हतं.

नर्सबाईंनी रेडिओचा चेहरा पाहिला, हात उचलून पाहिला आणि मान वर न करता विचारलं, “मास्तर, शेवटचा धड कधी पाहिलात याला? असं कधीपासून आहे?”

“आत्ताच,” मास्तर म्हणाले. “आत्ताच झालं. आमेनच्या वेळी.”

रेडिओ त्यांच्याकडे बघत होता. एक डोळा अर्धवट मिटलेला, दुसरा टक्क उघडा.

रेडिओ जगला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली, आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, कोण जाणे कसे, एकच मागं राहिला. “हो.” पाणी हवं का, हो. दुखतं का, हो. झोपतोस का, हो. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, असल्या आजारात जितकं लवकर तितकं बरं. त्याच दिवशी, दुसऱ्या दवाखान्यात, मास्तरांच्या लेकीला धडधाकट मुलगी झाली. मास्तरीणबाई नातीला मांडीवर घेऊन भावासाठी रडल्या. घरातल्यांना पेढे वाटावे की तोंड लपवावं कळेना.

आणि मास्तरांचं कौतुक सुरू झालं. पुढच्या रविवारी पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “आमचे ब्रेकमास्तर दक्ष होते म्हणून आपला भाऊ आज जिवंत आहे.” दुसऱ्या चर्चमधून बोलावणी यायला लागली, आमच्याकडे येऊन शिकवा म्हणून. मास्तर गेले, शिकवलं. प्रार्थनेचा नियम सांगताना म्हणायचे, “डोळे उघडे ठेवणारे दोघं हवेत. एक नको.” कोणी विचारलं का, तर म्हणायचे, “आमच्या नर्सबाई तसं म्हणतात.”

आतून माणूस पोखरत चालला होता. सगळं चर्च डोळे मिटून बसलेलं, मग मास्तरांचे डोळे मिटले होते हे पाहणार कोण? साक्षीदार म्हणून कोणी नव्हताच. हे कोणाला सुटका वाटली असती. मास्तरांना ती शिक्षा वाटायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. कोणी पाठीवर थाप मारली तरी त्यांना वाटे, याला कळलं.

धंद्यातही लक्ष लागेना. एकदा शिकणाऱ्यानं गाडी सरळ दुधाच्या टपरीवर घातली आणि मास्तरांचा पाय ब्रेकवर असून दाबलाच गेला नाही. दोन कॅन आडवे झाले, एवढ्यावर निभावलं.

ते रोज संध्याकाळी रेडिओकडे जायचे. त्याची दाढी करून द्यायचे, पाय चोळून द्यायचे. रेडिओची बायको म्हणायची, “दाजी, किती करता हो तुम्ही! सख्खा भाऊ एवढं करणार नाही.” मास्तरांना ते ऐकवायचं नाही.

एका संध्याकाळी ते बोलत बसले होते आणि आतल्या खोलीत काहीतरी पडलं. चमचा असावा. रेडिओची बायको लगेच उठली.

“हाक मारताहेत,” ती म्हणाली.

“हाक?”

“अहो, तोंडानं तर येत नाही. मग हाताला लागेल ते खाली टाकतात. कंगवा म्हणू नका, पेला म्हणू नका. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हापासून असंच. मी तिथल्या नर्सला म्हटलं, यांना हे शिकवलं कोणी? तर ती म्हणाली, शिकवायला कशाला हवं, बुडणारा माणूस हातपाय मारतोच की.” असं म्हणत ती आत गेली.

मास्तर बाहेरच्या खोलीत बसून राहिले. त्यांच्या कानाशी पुन्हा थप्प असा आवाज झाला. पुस्तक पडलं नव्हतं तर. ते टाकलं होतं. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या दाजींना त्यानं हाक मारली होती, आणि दाजींनी ती ऐकली होती, आणि म्हणाले होते, आमेन झाल्यावर उचलू. मास्तर तसेच उठले, निरोपही न घेता. जिन्यात भिंतीला धरून उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सबाईंना गाठलं. रुग्णवाहिका धुऊन, हात पुसत त्या बाहेर येत होत्या. मास्तरांनी इकडचं तिकडचं काही केलं नाही. “त्या दिवशी माझे डोळे मिटलेले होते. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.”

नर्सबाई हात पुसायच्या थांबल्या.

“मी बघत असतो,” मास्तरांचा आवाज फाटला, “तर तो आज बोलला असता का?”

“सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “बोललाही असता. नसताही. मी तुम्हाला धीर द्यायला खोटं सांगणार नाही, मास्तर.” आणि मग, रागानं नाही, थकून म्हणाल्या, “म्हणून पाळी म्हणत होते मी.”

मास्तरांनी मान हलवली. एवढं साधं बोलणं होतं ते. तेव्हा ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या रविवारी पाळी दुसऱ्याची असती, मास्तर लेकीपाशी असते, आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला लेकीची आठवण येऊन डोळे मिटायचं काही कारणच नव्हतं. लेकीपाशी आणि दाराशी, दोन्ही जागा त्यांच्या होत्या, आणि दोन्हीकडं मास्तर नव्हते.

आता उरलं एकच माणूस, ज्याला सांगायचं होतं. नातीच्या बाप्तिस्म्याचा रविवार आला तेव्हा मास्तर शिकवणीची गाडी घेऊन रेडिओला आणायला गेले. त्याला शेजारच्या सीटवर बसवलं, काठी मागं ठेवली. बायको मागं बसायला निघाली तर मास्तर म्हणाले, “तुम्ही पुढं व्हा रिक्षानं, आम्ही येतो हळूहळू.”

अर्धा रस्ता गेल्यावर मास्तरांनी घसा खाकरला. “ऐक ना. त्या दिवशी चर्चमध्ये, प्रार्थनेच्या वेळी मी...”

गाडी कच्चकन थांबली. मागच्यानं हॉर्न ठोकला, शिव्या दिल्या. मास्तरांनी दचकून बघितलं तर रेडिओचा चांगला पाय शेजारच्या ब्रेकवर! डबल ब्रेकची गाडी, आणि आज मास्तरांच्या जागी बसलेला तो.

“अरे, मरायचंय का दोघांना?”

“हो,” रेडिओ म्हणाला आणि वाकडा हसला. आजारानंतर पहिल्यांदा हसला.

मास्तरांनी गाडी पुढं घेतली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू केलं, “मला तुला सांगायचंय, मी त्या वेळी...” पुन्हा कच्चकन ब्रेक. या वेळी रेडिओ हसला नाही. समोर बघत बसला. खोडी काढतोय की तोंड बंद करतोय, मास्तरांना कळेना. मग मास्तरांनी गाडी सरळ चर्चपाशी आणली.

चर्चमध्ये आता पाळी होती. त्या दिवशी बाजूच्या दाराशी वायरमन होता आणि मागच्या दाराशी, नातीचा बाप्तिस्मा असला तरी, मास्तरच. नर्सबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही आज पुढं बसा. ते बसले नाहीत. रेडिओ आजारी पडला त्या दिवसानंतर प्रार्थनेत त्यांनी एकदाही डोळे मिटले नव्हते. पाळी नसली तरी मिटले नव्हते. रेडिओची खुर्ची त्यांनी आपल्या शेजारीच ठेवली होती, मांडीवर त्याचं पुस्तक.

लेकीनं बाळाला पाळकसाहेबांच्या हातात दिलं. कपाळाला पाणी लागल्यावर बाळ टाहो फोडून रडलं. चर्च हसलं. मग पाळकसाहेब म्हणाले, “आपण या लेकरासाठी प्रार्थना करू या,” आणि सगळ्या माना झुकल्या.

थप्प.

मास्तर एका पावलात रेडिओपाशी. गुडघ्यावर बसून चेहरा पाहिला, हात पाहिला. “काय होतंय? पाणी हवं? नर्सबाईंना बोलावू?”

रेडिओला काही होत नव्हतं. त्यानं चांगला हात उचलला, दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली आणि सगळ्या चर्चवरून फिरवली. मी बघतोय. मग तीच बोटं त्यानं मास्तरांच्या पापण्यांवर ठेवली आणि हलकेच खाली ओढली, त्या दिवशी होत्या तशा.

म्हणजे त्यानं पाहिलं होतं. मान खाली घातलेल्या त्या सगळ्या माणसांत एकाचे डोळे उघडे होते. त्यानं मास्तरांचा डोळे मिटलेला चेहरा पाहिला होता, पुस्तक टाकून वाट पाहिली होती, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याला ते माहीत होतं. दाढी करून घेताना माहीत होतं, पाय चोळून घेतानाही माहीत होतं.

“मला माफ कर रे,” मास्तर पुटपुटले.

“हो,” रेडिओ म्हणाला. पण तो सगळ्यालाच हो म्हणायचा.

मास्तरांनी नातीसाठी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. दुसरंच काहीतरी तोंडात येत होतं. तो रविवार परत दे, एवढंच ते मागत राहिले, मिळायचं नाही हे माहीत असून. पुढं पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं, लोक गाण्याला उभे राहिले, तरी मास्तर जमिनीवर तसेच बसून होते आणि रेडिओनं त्यांच्या डोळ्यांवरचा हात काढला नव्हता.